सनई वगळावी, आवाज ठेवावा

सातपुते काकूंना खोटं बोलता येत नसे, आणि हे मी कौतुकानं सांगत नाहीये. त्या गेल्या तेव्हा दिल्लीतली सगळी मराठी मंडळी हळहळली, "काय सरळ बाई होती हो!" त्या सरळपणानं त्यांचं काय केलं ते मला ठाऊक होतं. त्यात माझाही हात होता, आणि तोसुद्धा सहीनिशी.

लक्ष्मीबाई नगरात आमच्या वरच्या मजल्यावर त्यांचं सरकारी क्वार्टर होतं. काकू एका मंत्रालयात फायली चालवायच्या, सेक्शन ऑफिसर म्हणून रिटायर झाल्या. काका दुसऱ्या खात्यात. मुलगी मेधा माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, म्हणजे माझी ताईच. तिचे लहान झालेले फ्रॉक मी घातले आणि तिची पुस्तकं मी फाडली.

काकूंचा एक शब्द आमच्या जिन्यात सदैव घुमत असायचा. "नोंद हवी." पाणी आलं नाही, नोंद हवी. पाहुणे आले, किती दिवस राहिले, नोंद हवी. त्यांच्या कॅलेंडरवर तारखांपेक्षा अक्षरं जास्त. माझी आई म्हणायची, "कुमुदताई शिंकल्या तरी तारीख टाकतील." काकू हसायच्या आणि खरंच पेन शोधायच्या. दुसरं त्यांचं वाक्य होतं, "खोटं लिहिलं की फाईल वास मारते." हे त्या वरिष्ठांनाही सुनावत असाव्यात, कारण त्यांचं प्रमोशन दोनदा अडकलं.

दिल्लीतल्या मराठी लग्नांत मात्र त्यांच्याशिवाय अंतरपाट धरला जात नसे. मंगलाष्टकं त्याच लिहीत आणि त्याच म्हणत. लग्नाच्या पंधरा दिवस आधी वही घेऊन दारात हजर! मुलीच्या आजीचं माहेरचं नाव काय, मुलाला लाडानं काय म्हणतात, वडिलांच्या बदल्या कुठे कुठे झाल्या. सगळं विचारून घ्यायच्या आणि सगळं वृत्तात बसवायच्या. आवाज गोड नव्हता, जरा जाडच होता. पण असा खणखणीत की अक्षता टाकायला विसरलेले लोक दचकून टाकायचे.

एकदा एका वरमाईनं हट्ट धरला, मुलाच्या नावामागे 'इंजिनिअर' घाला. मुलाचा एक पेपर राहिला होता, हे काकूंनी माहिती घेताना काढूनच घेतलं होतं. त्यांनी भर मांडवात म्हटलं, "अभियांत्रिकी शिकतसे." मुलाकडचे लोक जेवणाच्या पंगतीपर्यंत फुगून बसले. काका समजूत घालायला गेले, तर काकू मागून म्हणाल्या, "पास झाला की सांगा, बारशाला दुरुस्ती करून देईन." मुलगा पास झाला. काकूंनी बारशाच्या पाळण्यात खरोखर 'अभियंता' घातलं.

देशात परदेशी माल खुला व्हायला लागला तेव्हा काकांनी करोल बागेतून व्हिडिओ कॅमेरा आणला. शिलाई मशीनएवढा होता तो. मग काकू गाणार आणि काका चित्रण करणार, असं चाळीसेक लग्नं चाललं. बाकीचे व्हिडिओवाले माणसांचे आवाज पुसून वर सिनेमाची गाणी चढवायचे. काकूंना ते चालत नसे. "जे झालं ते ऐकू यायला हवं," असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे काकांच्या कॅसेटमध्ये भांडणं, खोकले, "भात आणा भात", सगळं असायचं. आणि बऱ्याच लग्नांत मागे एक सनई. हॉलमध्ये सनईवाला बोलावणं कुणाला परवडायचं? काकांकडे सनईची एक कॅसेट होती, ती टेपरेकॉर्डरवर लावून कोपऱ्यात ठेवून द्यायचे. सेल उतरलेले असायचे, त्यामुळे सनई मलूल होऊन रडत रडत वाजायची. त्या सनईकडे कुणाचं लक्ष नसायचं, पण नसती तर चुकल्यासारखं वाटलं असतं.

मेधाताईचं लग्न ठरलं तेव्हा काकांनी टेपरेकॉर्डरमध्ये नवे सेल घातले. पोटच्या मुलीचं लग्न, सनई नीट वाजायला हवी. कॅमेरा मात्र धरायला कुणी नव्हतं, कारण काकांना कन्यादान करायचं होतं. त्यांनी तो तिपाईवर ठेवला आणि चालू करून गेले. त्यामुळे त्या कॅसेटमध्ये मेधाताई दिसतच नाही. दिसतात ते साड्यांचे काठ, धोतरं, आणि मधूनच कॅमेऱ्यात डोकावणारं एक लहान पोर. आवाज तेवढे स्वच्छ. काकूंची मंगलाष्टकं, ती संपल्यावर एक "आई" अशी हाक, गलका, आणि बऱ्याच वेळानं उखाण्याचा आग्रह. मग मेधाताईचा आवाज:

"क्वार्टरच्या दाराला सरकारी हिरवा रंग,
गिरीशचं नाव घेते, आई रडण्यात दंग."

मग हशा, आणि हशातून काकूंचं भरल्या नाकानं "गप गं".

चार वर्षांनी मेधाताई गेली. डेंग्यू. सहा दिवसांत सगळं आटोपलं. काकू हॉस्पिटलात दर चार तासांनी ताप वहीत लिहीत होत्या. नर्स म्हणाली, "आंटीजी, हम लिख रहे हैं ना." काकू म्हणाल्या, "आप अपना लिखिए." शेवटच्या ओळीत त्यांनी ताप लिहिला नाही. फक्त वेळ लिहिली आणि खाली सही केली. मी शेजारी उभी होते, ती सही नेहमीसारखीच ठाम होती. त्या वेळी मला त्यांची भीतीच वाटली होती.

दीड वर्षानं माझं लग्न होतं. काकूंना बोलवायचं कसं, या विचारानं आईची झोप उडाली. तर पंधरा दिवस आधी काकू वही घेऊन दारात. "अनू, तुझ्या सासूचं माहेरचं नाव सांग." आई आत जाऊन पदर तोंडात धरून रडली. काकू मंगलाष्टकं खणखणीत म्हणाल्या, एक अक्षर हललं नाही. पण ती शेवटची. त्यानंतर कुणी बोलावलं तर "घसा बसलाय" म्हणायच्या. हे एकच खोटं त्यांना जमलेलं मला माहीत आहे.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडावं लागलं. गाझियाबादला नव्या सोसायटीत नवव्या मजल्यावर त्यांनी फ्लॅट घेतला. मीही तोवर पलीकडच्याच सोसायटीत राहायला गेले होते आणि नोएडाच्या एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करत होते. काका तिथे दोनच हिवाळे राहिले आणि गेले. मग काकू, ती उंच बाल्कनी, आणि एक लोखंडी ट्रंक, एवढंच उरलं. ट्रंकेत कॅसेटी होत्या. एकदा उघडून पाहिली तर फितींवर पांढरी बुरशी. व्हीसीआर केव्हाच मोडला होता.

मेधाताईचे फोटो पुष्कळ होते हो, अल्बम भरून. पण आवाज? आवाज फक्त त्या एका कॅसेटमध्ये होता. काकू स्पष्ट म्हणाल्या, "अनू, चेहरा आठवतो. आवाज जायला लागलाय."

मग मी कंबर कसली. ट्रंक करोल बागेतल्या एका दुकानात नेली, फितींवरची बुरशी साफ करून घेतली आणि सगळं कॉम्प्युटरवर उतरवून आणलं. इंटरनेटवर जिथे सगळं जग व्हिडिओ टाकतं, तिथे काकूंच्या नावानं चॅनेल उघडलं आणि एकेक लग्न चढवलं. फोनवर मेधाताईचा उखाणा लावून दिला. काकूंनी फोन कानाला लावला, जणू ती पलीकडून बोलत होती. तेव्हापासून रोज सकाळी चहाबरोबर उखाणा. मी रविवारी जायची तेव्हा पाहायची. कपाचा कान एका हातात, फोन दुसऱ्या कानाशी.

आता माझ्या पापाची गोष्ट. काकूंनी विचारलं, "अनू, तिथे ते कायम राहील ना?"

मी म्हटलं, "बिल्कुल, काकू! आपण मरू, ते राहील."

"मग मूळ कॅसेटी वीड करायला हव्यात."

सरकारी ऑफिसात रेकॉर्डची प्रत निघाली की मूळ कागद यथाविधी नष्ट करतात, त्याला ते वीडिंग म्हणतात. काकूंच्या लेखी तो नियम होता आणि नियम घरालाही लागू. नव्या फ्लॅटमध्ये ना माळा ना कोनाडा, बुरशीनं त्यांना खोकलाही येत होता. मीही म्हटलं, चलो, ठीक आहे. त्यांनी रजिस्टर आखलं. प्रत्येक कॅसेटचा नंबर, कुणाचं लग्न, आणि शेवटच्या रकान्यात 'नष्ट'. खाली दोन सह्या. एक त्यांची आणि साक्षीदार म्हणून माझी. कबाडीवाला ट्रंक पाहून म्हणाला, "मॅडम, ये किसी काम का नहीं है." काकू म्हणाल्या, "फिर भी ले जाओ भैया, रजिस्टर में चढ़ गया है." मी हसले होते. आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

कॉम्प्युटरवर उतरवलेलं ज्या डिस्कवर होतं ती ऑफिसची होती. नोकरी बदलताना ती परत केली. इंटरनेटवर चढवलंय ना सगळं, मग काय चिंता!

नव्या कंपनीनं मला आठ महिने बंगळुरूला पाठवलं. दर आठवड्याला फोन व्हायचा. काकू माझीच चौकशी करायच्या, स्वतःचं काही काढायच्या नाहीत. परत आले, मिठाईचा डबा घेऊन नवव्या मजल्यावर गेले, तर सकाळचा चहा चालला होता आणि फोन टेबलावर पालथा पडलेला.

"उखाणा नाही ऐकत?"

"बंद झालाय गं. प्रकरण निकाली निघालं." असं म्हणून त्यांनी एक फाईल पुढे सरकवली. टॅग लावलेली, पानांवर नंबर घातलेली.

त्या फाईलवरून जे कळलं ते असं. मी गेल्यावर महिन्याभरात एका सकाळी उखाण्याचा आवाज आला नाही. साड्यांचे काठ हलत होते, पण मुके. काकूंना वाटलं फोन बिघडला. लिफ्टवाल्याला दाखवला, दुकानात दाखवला. मग ईमेल सापडली. तुमच्या व्हिडिओत अमुक कंपनीच्या मालकीचं संगीत आढळलं आहे, म्हणून आवाज बंद केला आहे.

सनई! काकांची ती कोपऱ्यातली सनई!

हे काम माणूस करत नाही, मशीन करतं. कंपन्या आपापल्या गाण्यांचे ठसे त्याच्याकडे ठेवतात. कुणीही व्हिडिओ चढवला की मशीन तो ठशांशी ताडून पाहतं. जुळलं की पकडलं. त्याला मांडव कळत नाही, पुढे कोण बोलतंय आणि मागे काय वाजतंय हे कळत नाही. त्याला सनई ऐकू आली. सनईवर बोलणारी मुलगी ऐकू आली नाही, कारण तिचा आवाज कुणी विकला नव्हता, त्याच्याकडे तिची नोंदच नव्हती. आणि बाकीच्या लग्नांतली तीच सनई त्यानं का नाही पकडली? तर तिथे सेल उतरलेले होते. रडत वाजलेली सनई मशीनला ओळखता आली नाही. काकांनी लेकीसाठी नवे सेल घातले, तीच एक पकडली गेली.

खाली हरकत नोंदवायची सोय होती. दुसऱ्या कुणी चार ओळी ठोकून दिल्या असत्या, "आमचंच आहे, सोडा." पण काकूंनी पानभर उत्तर लिहिलं. मंत्रालयातल्या इंग्रजीत, त्याची प्रत फाईलला. मराठीत सांगायचं तर असं:

"सदर चित्रफितीत पार्श्वभूमीला सनई ऐकू येते हे मान्य आहे. कॅसेट विकत घेतलेली होती, पावती उपलब्ध नाही. समारंभात वाजवण्याची लेखी परवानगी घेतली नव्हती, याबद्दल दिलगीर आहे. तसेच आपल्या निदर्शनास आणून देण्यात येते की सोबतच्या यादीतील सतरा चित्रफितींमध्येही तीच कॅसेट वाजत आहे, ती आपल्या नजरेतून सुटली असावी. तरी सनई वगळावी, मानवी आवाज ठेवावा, ही विनंती."

मी ते वाचलं आणि माझ्या तोंडून निघालं, "काकू! अहो, यादी कशाला दिलीत?"

"एक पकडलं आणि बाकीची लपवली, हे बरं दिसतं का?"

"मशीनला कळलंच नव्हतं ते!"

"म्हणून तर सांगितलं."

कपाळ माझं! त्यांना वाटलं होतं, टेबलापलीकडे एखादा अधिकारी असेल, चष्मा लावून वाचेल, समासात 'मान्य' लिहील. पण ही हरकत जाते कुठे? ज्या कंपनीनं पकडलं तिच्याचकडे. ज्याची तक्रार, त्याच्याच टेबलावर अपील! कंपनीला आयता कबुलीजबाब मिळाला, वर यादी. त्यांनी सतराच्या सतरा काढायला लावले. असे तीन व्हिडिओ काढावे लागले की अख्खं चॅनेल पुसतात. पुसलं. माझं लग्न गेलं, ज्यात सनई नव्हती ती लग्नंही गेली.

मी महिनाभर धावाधाव केली. अर्ज केले, त्यांना दोन मिनिटांत उत्तरं आली, सगळी एकसारखी, खाली कुणाचं नाव नाही. करोल बागेतल्या दुकानात आता मोबाइलची कव्हरं होती. मालक म्हणाला, "दीदी, हम तो छह महीने में सब डिलीट कर देते हैं." गिरीशला फोन केला. त्याचा दुसरा संसार झालेला, घरं बदलताना ती खोकी गेल्याचं त्यानं खाली आवाजात सांगितलं. जुन्या ऑफिसनं डिस्क कधीच कोरी केली होती.

काकू मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. रजिस्टर काढून त्यात माझ्या सहीसमोर नवीन रकाना आखला आणि लिहिलं, 'प्रतही नष्ट'. "नोंद हवी," म्हणाल्या. नंतर त्या झपाट्यानं उतरल्या. चहा गार व्हायचा. एकदा म्हणाल्या, "उखाण्यातले शब्द पाठ आहेत गं. पण मनात ते माझ्याच आवाजात येतात."

मग एका शनिवारी मी इंटरनेटवर मंगलाष्टकं शोधत बसले होते, का ते ठाऊक नाही. एका अनोळखी चॅनेलवर 'शुभविवाह मंगलाष्टके' सापडली. वर गुलाबाची चित्रं, आत आवाज बारीक, चिरका, घाईघाईचा. तिसऱ्या ओळीला मी थांबवून पुन्हा लावलं. सासूबाईंचं माहेरचं नाव! माझं लग्न! कुणा चोरानं काकूंचं चॅनेल चालू असताना लग्नं उचलली होती, मंगलाष्टकं तेवढी कापली होती आणि पकडलं जाऊ नये म्हणून वेग वाढवला होता. एवढ्यानंच मशीन बहिरं होतं. तिथे सनईही होती, बारीक होऊन किंचाळत होती, आणि कुणी तिला हात लावला नव्हता. आम्ही कबूल करून मेलो, आणि चोर सुखात!

पुढची यादी मी पाहिली. मेधाताईचं लग्न होतं.

उखाणा नव्हता. चोराला उखाण्याशी काय करायचंय, त्यानं शेवटच्या 'सावधान'नंतर कापलं होतं. पण कापताना हात जरा उशिरा पडला होता. टाळ्यांमध्ये एक हाक राहून गेली होती. तेवढीच. आधी मी ती तीन ठिकाणी उतरवून ठेवली, चोराच्या घरी चोरी केली. वेग कमी करून पाहिला तर आवाज भरडला जायचा, ओळखू येईना. मग होतं तसंच घेऊन नवव्या मजल्यावर गेले.

काकू बाल्कनीच्या दाराशी खुर्चीत होत्या. शाल, मफलर, पाय खुर्चीवर घेतलेले. मी काही न सांगता ते त्यांच्याच फोनवर घातलं आणि फोन त्यांच्या कानाला लावला. स्वतःची चिरकी मंगलाष्टकं ऐकून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे कोण गं, माकड?" मग 'सावधान' झालं, टाळ्या झाल्या, आणि ती हाक आली.

"आई."

वेग वाढल्यामुळे तो नवरीचा आवाज राहिला नव्हता. तो दहा वर्षांच्या मुलीचा आवाज होता. शाळेतून येऊन लक्ष्मीबाई नगरच्या जिन्यात खालूनच ओरडायची ना, तसा. हुबेहूब तो. मला आठवला, तर काकूंचं काय झालं असेल! त्यांनी माझं मनगट धरलं. "पुन्हा लाव." मी लावलं. "पुन्हा." किती वेळा लावलं ते मी मोजलं नाही.

बऱ्याच वेळानं मी म्हटलं, "काकू, ही चोरी आहे. आवाज तुमचा, मंगलाष्टकं तुमची. तक्रार करायची का?" त्या हो म्हणतील याची मला खात्री होती. त्यांचं रजिस्टर हाताशीच होतं, वर पेन खोचलेलं.

काकूंनी रजिस्टरकडे पाहिलं. मग ते उचलून माझ्या हातात दिलं, कपाटात ठेवायला.

"नको. याची नोंद नको करू."

एवढं बोलून त्यांनी फोन मफलरच्या आत, कानाशी सरकवला आणि डोळे मिटले. मी दार ओढून बाहेर आले. पुढच्या आठवड्यात त्या झोपेतच गेल्या, म्हणजे ही शेवटची भेट. लिफ्टचं बटण दाबून मी उभी होते, आणि दाराआडून पोरीची हाक आली. थोड्या वेळानं पुन्हा आली. लिफ्ट आली, दार उघडलं, बंद झालं आणि ती रिकामीच खाली गेली. माझा पाय निघेना.